टाकीला जीवामृत

रविवारी सकाळी आमच्या हॉटेलातला संडास वर आला. 'वर आला' हे शब्द माझे नाहीत, राजेश्वरीचे आहेत. राजेश्वरी म्हणजे माझी पत्नी. मी गल्ल्यावर बसून पेपर वाचत होतो. तिने येऊन एवढंच सांगितलं आणि ती भजी तळायला परत गेली. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाच्या आवारात एखादी गोष्ट वर आली, तर ती खाली कशी घालवायची हे त्या माणसाला ठाऊक असणार, असा तिचा समज आहे. तो मीच करून दिलेला आहे.

नगरहून शिर्डीकडे जाताना चिंचमळा फाट्यावर डाव्या हाताला 'राजेश्वरी नाश्ता सेंटर' लागतं. आत सहा टेबलं, बाहेर एक कडुलिंब आणि मागे तीन स्वच्छतागृहं. हॉटेल राजेश्वरीचं आहे. मी शाळेत मुलांना बाकावर उभं करत होतो तेव्हापासून ती इथे एका कढईवर उभी आहे. मी निवृत्त झाल्यावर गल्ल्यावर येऊन बसलो आणि लोक मला शेठ म्हणू लागले. मीही त्यांना कधी अडवलं नाही.

गाड्या आमच्याकडे वड्यासाठी थांबतात असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तो गैरसमज सूर्यभान ड्रायव्हरने दूर केला. दर गुरुवारी हा गृहस्थ पुण्याहून बायकांच्या भजनी मंडळाची बस शिर्डीला नेतो, आणि त्याच्या मागोमाग त्याच्याच मालकाच्या आणखी दोन बसेस थांबतात. आमचा आठवड्याचा निम्मा धंदा त्या तासाभरात होतो. त्या रविवारी तो रिकामी गाडी घेऊन परत निघाला होता. चहा सांगून मागे गेला आणि गेल्या पावली परत आला.

"शेठ," तो म्हणाला, "वडा कच्चा असला तरी बाया खात्याल. पर संडास बंद असला तर गाडी हितं थांबनार न्हाई. गुरवारपतुर बघा. म्होरं पंपाशेजारी नवं हॉटेल झालंय, त्यांचा मला रोज फोन येतोय."

चहा न पिताच तो गेला. राजेश्वरीने हे सगळं झाऱ्यावरून ऐकलं होतं. तिने फक्त गॅस बारीक केला. तिने गॅस बारीक केला की मला धडकी भरते.

आता अशा वेळी कोणीही शहाणा माणूस टाकी उपसणाऱ्या टँकरवाल्याला फोन करील. त्याचा नंबर शोधायचीही गरज नव्हती. आमच्या दारातल्या विजेच्या खांबावरच तो चिकटवलेला आहे. आमच्या भागातला एकमेव टँकरवाला, वाल्मिक. अडचण एवढीच की वाल्मिक माझा विद्यार्थी होता.

नववीत असताना सहामाहीच्या पेपरात 'तेल पाण्यावर का तरंगते?' या प्रश्नाला त्याने 'तेल महाग असते म्हणून' असं उत्तर लिहिलं. त्या दिवशी माझी तब्येत काही ठीक नसावी. मी त्याला पेपर हातात घेऊन वर्गासमोर उभं केलं, उत्तर मोठ्याने वाचायला लावलं आणि म्हणालो, "वाल्मिक, तू मोठेपणी लोकांच्या संडासाच्या टाक्या उपसशील." वर्ग हसला. मीही हसलो. त्या काळी आपण फार विनोदी आहोत असं मला वाटायचं.

आता वाल्मिककडे तीन टँकर आहेत आणि गावात दुमजली घर आहे. आमच्या घराची मागची भिंत अजून विनाप्लास्टरची आहे. त्याचा टँकर रस्त्याने दिसला की मी गल्ल्यावरून उठतो, नाकाला रुमाल लावतो आणि आत मीठ बघायला जातो. सात वर्षांत मी त्या गाडीकडे नीट पाहिलेलं नाही. आमच्या स्वयंपाकघरातलं मीठ मात्र कधी संपलं नाही.

तेव्हा टँकर सोडून दुसरा उपाय हवा होता, आणि चिंचमळा फाट्यावर उपायांना तोटा नाही. पानपट्टीवाल्या रामने टाकीची दिशा चुकली आहे असं सांगितलं. एका गिऱ्हाइकाने जळकं ऑइल ओतायला सांगितलं. दुसऱ्याने मेलेली कोंबडी टाकायला सांगितली आणि कोंबडी गावरानच हवी असं बजावलं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मान हलवली, कारण त्या तिघांनी नाश्ता केलेला होता.

मला पटला तो कानिफनाथचा सल्ला. कानिफनाथ आमच्या शेजारी रसवंती चालवतो आणि मागच्या दोन एकरांत विषमुक्त ऊस करतो. तो टाकीभोवती फिरला, पायाने झाकण ठोकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला की टाकी मेली आहे. काकूंनी फरशी चकचकीत राहावी म्हणून ॲसिड लई वतलं, त्यात आतलं जंतू खलास झालं. रासायनिक खतांनी जमीन मरते तशी ही मेली. आता तिला परत जिवंत करायची तर जीवामृत द्यायचं.

जंतूंचं नाव निघाल्यावर माझा विरोधच संपला. चौतीस वर्षं मी फळ्यावर जंतू काढलेले आहेत. माझ्या जंतूंना शेपट्याही असत.

जीवामृताची कृती आमच्याकडे पोराटोरांना पाठ असते. एका एकराला दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती. प्रश्न एवढाच होता की एक सेप्टिक टाकी म्हणजे किती एकर. कानिफनाथ दोन म्हणाला. मी दुखणं जुनं आहे हे लक्षात घेऊन पाच धरले आणि वहीच्या मागच्या पानावर त्रैराशिक मांडलं. राजेश्वरीच्या भज्यांच्या डब्यातलं दहा किलो बेसन तिने मला मोजून दिलं, पण ते देताना तिने माझ्याकडे जसं पाहिलं तसं ती पूर्वी फक्त माझ्या आईकडे पाहायची.

गूळ मी स्वतः बाजारात जाऊन आणला. काळा गूळ, कारण जीवामृताला तोच चालतो. दुकानदाराने विचारलं, "सर, एवढा काळा गूळ?" आता भर दुकानात आपल्या संडासाची हकिगत काय सांगायची? मी जवळ सरकून हळूच म्हणालो की जरा खासगी काम आहे, कुठे बोलू नका. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गूळ वर्तमानपत्रात नीट गुंडाळून दिला. मला त्याचा समजूतदारपणा आवडला.

इथे थांबलो असतो तर कदाचित निभावलं असतं. पण कानिफनाथचा श्रीगोंद्याकडचा मेहुणा साखर कारखान्यात आहे. त्याने जंतूंना खुराक म्हणून वीस लिटरचा कॅन भरून मळी पाठवली, आणि मोटरसायकलवर तो कॅन दिसू नये म्हणून वरून पोतं बांधून पाठवली. त्यावर मी माझी भर घातली. बेकरीतून दोन किलो यीस्ट आणलं. यीस्ट हे सजीव आहे, हे मी स्वतः शिकवलेलं आहे. सोमवारी दुपारी आम्ही दोघांनी हे सगळं एका ड्रमात कालवून टाकीत ओतलं. मी उदबत्ती लावणार होतो, पण राजेश्वरीने उदबत्तीचा पुडा उचलून आत नेला.

मंगळवारी टाकी शांत होती. मी झाकणाला कान लावला तर आतून बारीक बुडबुड ऐकू आली. मी कानिफनाथला हाक मारली. त्यानेही कान लावला. जीव धरतीय म्हणाला. त्या दिवशी आम्ही दोघांनी त्याच्या रसवंतीत बसून दोन-दोन ग्लास रस प्यायला, आणि हा प्रयोग जिल्हा विज्ञान प्रदर्शनात मांडता येईल का यावर माझं त्याच्याशी बोलणं झालं.

बुधवारी सकाळी वास बदलला. संडासाचा वास गेला, पण त्याच्या जागी गोडसर, आंबूस, डोक्यात जाणारा दुसराच वास आला. राजेश्वरी म्हणाली, हा वास मी ओळखते, माझ्या माहेरी ओढ्याच्या कडेला यायचा. मी तिला ही किण्वनाची प्रक्रिया आहे असं सांगितलं. ती म्हणाली, माझ्या माहेरी तिला दुसरं नाव होतं.

अकराच्या सुमारास राधाकृष्ण आला. त्याची ओळख करून द्यायची तर, मी गावातल्या व्यसनमुक्ती समितीचा सचिव आहे, आणि सात वर्षांपूर्वी समितीच्या फेरीत साऱ्या गावासमोर ज्याने दारू सोडली तो हा. त्याने ती त्याच संध्याकाळी परत धरली. तो कधी आमच्याकडे येत नाही. आज आला, लिंबाखाली बसला, दोनदा मोठा श्वास घेतला आणि मला जवळ बोलावून म्हणाला, "सर, मी कोनाला सांगनार न्हाई. अर्धाच गिलास."

मी त्याला चहा दिला. त्याने तो घेतला, पण माझ्या चेहऱ्याकडे तो मोठ्या आशेने बघत राहिला.

एक वाजता जीप आली. दारूबंदीचं पथक होतं. एक साहेब, एक शिपाई. दहा किलो काळा गूळ, बेकरीचं यीस्ट, पोत्याखालचा मळीचा कॅन आणि 'कुठे बोलू नका' हे एकत्र केल्यावर जे होतं ते दुकानदाराने वेळेवर त्यांच्या कानावर घातलं होतं. साहेबांनी जीपमधून उतरतानाच नाक वर केलं आणि थेट मागे गेले. मी सांगितलं की ही संडासाची टाकी आहे. साहेब म्हणाले की त्यांना आजवर दारूचं आंबवलेलं रसायन खुराड्याखाली, गोठ्यात आणि एका ठिकाणी तुळशीखाली सापडलेलं आहे, संडासाखाली मात्र पहिल्यांदाच. मास्तर, डोकं चांगलं चालवलंत, असंही म्हणाले. नोकरीत माझं एवढं कौतुक कोणा साहेबाने केलेलं मला आठवत नाही.

मी त्यांना समितीच्या सचिवपदाचं कार्ड दाखवलं. त्यांनी ते जप्तीच्या वस्तूंबरोबर ठेवलं.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. कानिफनाथ हाताशी होता. दुसरा पंच म्हणून राधाकृष्ण स्वतःहून पुढे झाला. शिपायाने टाकीच्या हवेच्या पाईपाशी दोघांना उभं केलं आणि मजकूर लिहायला घेतला: 'आम्ही पंचांनी वास घेऊन खात्री केली असता, सदर द्रव्यास गूळमिश्रित आंबूस उग्र वास येत असल्याचे दिसून आले.' कानिफनाथने सही केली. राधाकृष्ण मात्र जाणकार माणूस. त्याने पुन्हा एकदा डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाला, "साहेब, गूळ चांगला हाय. पन ह्यात दुसरंबी कायतरी हाय."

मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत गेलं. तो माझ्याकडे, टाकीकडे आणि संडासांच्या रांगेकडे बघत मागे सरकला आणि तडक घरी गेला. त्यानंतर पंधरा दिवस त्याने थेंबाला शिवलं नाही. समितीच्या पुढच्या अहवालात याची नोंद घ्यायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

एवढ्यावर साहेबांनी थांबायला हवं होतं. पण रसायन जागेवर नष्ट करायचा त्यांचा नियम आहे, आणि त्यासाठी झाकण उघडावं लागतं. शिपायाने पहार घातली. झाकण बोटभर उचललं आणि दोन दिवस पाच एकरांचा खुराक खाल्लेल्या त्या टाकीने बाकीचं काम स्वतःच केलं. पिवळट फेस उसळून वर आला, साहेबांच्या बुटांवरून गेला, लिंबाला वळसा घालून गेला आणि रस्त्याकडेच्या चारीत उतरला. सगळे मागे पळाले. आत नक्की काय आहे याबद्दल आता कोणाला शंका उरली नव्हती.

साहेब अनवाणी जीपमध्ये बसले. शिपायाने विचारलं, पंचनाम्यात काय लिहू? साहेब म्हणाले, निरंक लिही. मग मला जवळ बोलावून त्यांनी शांतपणे सांगितलं की उद्या सकाळी ते याच रस्त्याने बंदोबस्ताला जाणार आहेत. तोवर टाकी उपसून जागा स्वच्छ झालेली नसेल तर ग्रामपंचायतीला पत्र जाईल आणि हॉटेलला टाळं लागेल. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

जीप गेली. राजेश्वरी बाहेर आली आणि तिने माझा मोबाईल माझ्या हातात ठेवला.

"नंबर खांबावर आहे," ती म्हणाली. "अठरा वर्षं मी ह्या कढईसमोर उभी आहे. तुमचा मान राहावा म्हणून मी ती विझवणार नाही."

मी खांबाशी गेलो. आकडे दाबले. पलीकडून 'हॅलो' आलं. मी म्हणालो, कडलग बोलतोय. मग "सर? बोला ना सर," असं आलं. चौतीस वर्षं मुख्याध्यापकांना ज्या भाषेत अर्ज लिहिले त्या भाषेत मी सांगितलं की आमच्या येथील टाकीसंदर्भात थोडी अडचण निर्माण झालेली आहे. तो म्हणाला, आलोच.

वीस मिनिटांत टँकर आला. वाल्मिक स्वतः चालवत होता. अंगाने भरलेला, कानाजवळ केस पांढरे झालेले. मी त्याची माफी मागायचं एक वाक्य मनात तयार ठेवलं होतं, पण त्याने खिडकीतून डोकं काढून सांगितलं की गाडी मागे घ्यायची आहे, सर, जरा मागं हुभं राहून सांगा.

मी मागे जाऊन उभा राहिलो आणि हात हलवून 'येऊ दे, येऊ दे' म्हणू लागलो. टँकर माझ्याकडे येत होता. त्याच्या पाठीवर, इतर गाड्यांवर आईवडिलांचा आशीर्वाद असतो त्या जागी, पिवळ्या रंगात लाल सावली देऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

'कडलग सरांचा आशीर्वाद'

अक्षरं जवळ येत गेली. मी हात हलवायचा थांबलो, पण 'बस' म्हणायचं राहून गेलं. टँकरने आमचा पिण्याच्या पाण्याचा रांजण फोडला आणि मग तो उभा राहिला.

वाल्मिक उतरला. मी त्या अक्षरांकडे बोट दाखवून विचारलं, हे कधीपासून आहे. तो म्हणाला, पहिली गाडी घेतली तवापासून, सात वर्षं झाली, तिन्ही गाड्यांवर हाय. म्हणजे सात वर्षं माझं नाव या अवस्थेत तालुकाभर हिंडत होतं, लोकांच्या दारांत उभं राहत होतं, आणि मी मीठ बघत होतो. मी राजेश्वरीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच लाजून आत जाता असं वाटायचं."

मला वाटलं, हा सूड आहे, आणि सूड म्हणून तो मला योग्यही वाटला. मी वाल्मिकला म्हणालो, "त्या दिवशी वर्गात मी जे बोललो ते बोलायला नको होतं. माझं चुकलं रे."

तो पाईप जोडत होता. हात न थांबवता म्हणाला, "सर, बाकी समद्या मास्तरांनी सांगितलं हुतं, हे पोरगं कायबी करनार न्हाई. तुमी एकटेच म्हनले हुते, हा कायतरी करील."

चौतीस वर्षांत मुलांना दिलेली कितीतरी वाक्यं मला आठवत नाहीत. ती कोणी कोणी कशी घेतली असतील, या विचाराने मी तिथेच लिंबाच्या पारावर बसलो.

टाकी तासाभरात रिकामी झाली. आत कोणी उतरायचं नाही, असं वाल्मिकने कानिफनाथला दोनदा दरडावलं. मग त्याने वरूनच बॅटरी मारली, लांब सळई घालून बाहेर जाणाऱ्या पाईपाचं तोंड खरवडलं आणि सळईला चिकटून आलेला पांढरा, घट्ट, तुपासारखा गोळा माझ्यापुढे धरला. जंतू मेले नव्हते आणि ॲसिडचाही दोष नव्हता. सहा वर्षांचं भजी-वड्यांचं तेल होतं ते. स्वयंपाकघराचं पाणी याच टाकीत सोडायची योजना माझी होती. पाईप वाचावा म्हणून मी तो नकाशा स्वतः काढला होता. तो गल्ल्यामागे फ्रेम करून लावलेला आहे.

"सर, तेलकट पानी येगळं काढा," वाल्मिक म्हणाला. "आधी छोट्या खड्ड्यात घ्या. तेल वर ऱ्हातं, ते काढून टाकायचं, खालचं पानी म्होरं सोडायचं. तेल पान्यावर तरंगतं."

मी विचारलं, "का तरंगतं?"

त्याने सळई खाली ठेवली. नववीतला चेहरा मला एकदम दिसला. मग तो म्हणाला, "हलकं असतं, सर. पन महागबी असतंय. काकूंना इचारा."

आम्ही दोघंही हसलो. या वेळी आधी तो हसला.

गुरुवारी सकाळी साडेआठला सूर्यभानची बस आली. अंगण धुतलेलं होतं, स्वयंपाकघराचा पाईप तात्पुरता ड्रमात वळवलेला होता आणि फुटलेल्या रांजणाच्या जागी स्टीलची टाकी ठेवली होती. भजनी मंडळाच्या बाया मागे गेल्या, रांगेने परत आल्या आणि वडे खायला बसल्या. साहेबांची जीप आली, दारापुढे हळू झाली आणि तशीच पुढे गेली. राजेश्वरीने गॅस मोठा केला.

सगळं ठीक चाललंय ना बघायला वाल्मिकही टँकर घेऊन आला होता. गाडीचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ आमच्या टेबलांकडे. मंडळातल्या एका बाईंनी ती अक्षरं मोठ्याने वाचली. सूर्यभान चहाचा कप हातात घेऊन माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "शेठ, ही गाडी मला समद्या रस्त्यानं दिसती. हे कडलग सर हायेत तरी कोन?"

सहा टेबलांवरच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. वाल्मिकने गाडी सुरू केली आणि हॉर्न दिला. आतल्या मिठाची मला आठवण झाली, हे खोटं बोलणार नाही.

"मीच," मी म्हणालो, आणि टँकर फाट्यावरून वळेपर्यंत हात वर करून बाहेरच उभा राहिलो.